नट-बोल्टांचा पुरुमेंत

गोव्यात जुनी मोटरसायकल विकत घ्यायला निघालेला जाणता माणूस आधी किलोमीटरचा काटा बघत नाही. तो खाली वाकतो आणि नट-बोल्ट बघतो. काटा फिरवता येतो, टाकी पुन्हा रंगवता येते, सीटचे कव्हर तासाभरात बदलते. पण पुढच्या ऍक्सलचा नट, हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट, सायलेन्सरची पट्टी धरून ठेवणारा स्क्रू, हे गाडीचे खरे जन्मपत्र. ते तांबडे पडले असतील तर समजावे, गाडी खाऱ्या वाऱ्यात राहिली आहे आणि तिच्याकडे कोणी लक्ष दिलेले नाही.

या वाक्यातला पहिला भाग आपण सगळे मोठ्याने बोलतो आणि दुसरा गिळून टाकतो. गंजाचा विषय निघाला की आपल्याकडे उत्तर ठरलेले असते: "खारें वारें मरे, कितें करतलो?" समुद्रावर खापर फोडले की विषय संपला. माझे मत असे, की गंजाची सुरुवात समुद्र करतो हे खरे, पण तो पोसला जातो आपल्या सवयींवर. आणि हे क्रोमच्या नट-बोल्टांइतके स्पष्ट दुसऱ्या कशात दिसत नाही.

एरवी आपण गोंयकार पावसाच्या बाबतीत इतके गाफील नसतो. मे महिना लागला की पुरुमेंत सुरू होतो. सुकी मासळी, मिरच्या, सोलां, कडधान्ये डब्यांत भरली जातात, सरपण आत येते. मातीच्या भिंतींना झावळ्यांचे आडोसे बांधण्याची रीत गावांत अजून कुठे कुठे दिसते. मडगावचे पुरुमेंताचे फेस्त याच सुमारास भरते. पुढचे चार महिने काय होणार हे आपल्याला ठाऊक असते आणि त्याची तयारी आपण आधी करतो. घरातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस या तयारीत येतो. दारात उभी असलेली मोटरसायकल तेवढी येत नाही. ती बिचारी पावसाला तशीच सामोरी जाते आणि चवथीच्या सुमारास आपण म्हणतो, "अरे, हिचे बोल्ट कधी गंजले?"

आधी हे क्रोम म्हणजे काय ते बघू. चकचकीत बोल्टवर आपल्याला दिसतो तो क्रोमियमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, साधारण ०.१ ते ०.५ मायक्रॉन. माणसाचा केस सत्तर मायक्रॉन जाड धरला तर असे शंभरावर थर एका केसाच्या जाडीत मावतील. त्याच्याखाली निकेलचा थर असतो, चांगल्या कामात १० ते ४० मायक्रॉनांचा. पाण्याला लोखंडापर्यंत पोचू न देण्याचे खरे काम हे निकेल करते. वरचे क्रोम निकेलला काळवंडू देत नाही, बारीक ओरखडे झेलते आणि ती ओळखीची निळसर झाक देते. म्हणजे ज्याला आपण क्रोम म्हणून मिरवतो त्यात श्रम निकेलचे आणि नाव क्रोमचे! संसारातही असे पुष्कळ असते. असो.

आता गोम अशी, की या थरांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आणि चिरा असतात. क्रोमला तर त्या असतातच, आणि निकेल पातळ पडले असेल तर छिद्र थेट लोखंडापर्यंत जाते. तिथे खारे पाणी पोचले की एक छोटी बॅटरी तयार होते. निकेल हा लोखंडापेक्षा 'खानदानी' धातू. दोघे पाण्यात एकत्र आले की निकेल सुखरूप राहतो आणि लोखंड झिजते. वर पसरलेला मुलामा मोठा आणि उघडे पडलेले लोखंड सुईच्या टोकाएवढे, त्यामुळे सगळा मारा त्या एका बिंदूवर होतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून मुलाम्याला वर ढकलतो. आधी तांबडा ठिपका, मग फोड, मग पापुद्रा असा तो क्रम आहे.

याच्या उलट छपराचा जस्ताचा पत्रा बघा. जस्त लोखंडापेक्षा 'हलके' कुळाचे. पत्र्यावर ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजते आणि शेजारच्या लोखंडाला वाचवते. दिसायला मळकट, पण इमानी. क्रोमच्या अंगी हा त्याग नाही. ते आहे तोवर भिंतीसारखे उभे असते, आणि भिंतीला भोक पडले की उलट चोराचाच फायदा होतो. म्हणून क्रोमच्या बोल्टवर गंजाचा पहिला ठिपका दिसला की तो 'नंतर बघू' म्हणून सोडण्यासारखा नसतो.

मग मोठे क्रोमचे मडगार्ड किंवा हँडल वर्षानुवर्षे टिकते आणि त्यालाच धरून ठेवणारा बोल्ट दोन पावसांत तांबडा होतो, असे का? एक कारण मुलामा देण्याच्या पद्धतीतच आहे. विजेच्या साहाय्याने मुलामा चढतो तेव्हा तो टोकांवर आणि उंचवट्यांवर जाड बसतो, खळग्यांत पातळ. क्रोम तर खळग्यांत शिरायला फारच आळशी. ऍलन बोल्टच्या डोक्यातला षटकोनी खड्डा, स्क्रूची फुली, नटाच्या आतली बाजू, आट्यांच्या दऱ्या, सगळे खळगेच. शिवाय आट्यांवर मुलामा जाड देताही येत नाही, नट बसायला हवा ना! दुसरे कारण म्हणजे पाणी नेमके तिथेच साठते. ऍलन बोल्टचे डोके आकाशाकडे असेल तर ती पावसाचे पाणी धरणारी इवलीशी वाटीच. आणि तिसरे कारण आपला पाना. हँडलला कोणी पाना लावत नाही. नटाला दर सर्व्हिसिंगला लावतात, आणि त्याचे कोपरे तिथेच सोलतात.

मिठाची गोष्ट तर प्रत्येक स्वयंपाकघरात घडते. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाघळते. हवेतील आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओले होतात. आपल्या पावसाळ्यात आर्द्रता ऐंशीच्या वर असणे ही रोजची बाब, आणि हिवाळ्यात पहाटेचे दव आहेच. बोल्टवर बसलेला मिठाचा अदृश्य थर म्हणूनच पाऊस नसतानाही ओला राहतो. गाडी कोरडी दिसते, आत काम चालू असते.

हे मीठ येते कुठून? कळंगुट, कोलवा, मिरामारच्या किनाऱ्यावर लाटा फुटतात तिथून वाऱ्यावर. किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरांत त्याचा मारा सर्वांत जास्त, पुढे झपाट्याने कमी. पण गोव्यात समुद्र फक्त किनाऱ्यावर नसतो. मांडवी-जुवारीत तो भरतीबरोबर कितीतरी आत येतो. पणजीहून रायबंदरला जाताना एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे. चोडणच्या फेरीबोटीत चढता-उतरताना धक्क्यावरच्या पाण्यातून चाक जाते, ते पाणीही खारट. वाळूत उभी केलेली गाडी तर मीठ आणि ओल दोन्ही घेऊन घरी येते.

आता मी जे म्हणणार आहे ते अनेकांना उलटे वाटेल. जोराचा पाऊस हा क्रोमचा सर्वांत मोठा शत्रू नव्हे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो गोड्या पाण्याचा असतो. गाडीच्या उघड्या भागांवरचे मीठ तो धुऊनही नेतो. जिथे पाऊस पोचत नाही पण ओल पोचते, तिथे खरे नुकसान होते: मडगार्डच्या खालची बाजू, सीटखालचे बोल्ट, नंबरप्लेटमागचे नट, सायलेन्सरच्या आतल्या बाजूची पट्टी. तिथे मीठ साठते, ओले होते, आणि त्याला धुणारे कोणी नसते. याच न्यायाने, भिजलेली गाडी प्लॅस्टिकच्या कापडात गुंडाळून आठ दिवस ठेवणे हा गंजाला दिलेला पाहुणचार आहे. आत कोंडलेली वाफ दिवसा वर जाते आणि रात्री थेंब होऊन बोल्टवर उतरते. पत्र्याच्या शेडमध्ये, वारा खेळणाऱ्या जागी, उघडी उभी असलेली गाडी त्या गुंडाळलेल्या गाडीपेक्षा सुखी असते. कापड घालायचेच असेल तर वारा जाऊ देणारे घाला, आणि गाडी वाळल्यावर घाला.

'एवढा काय तो नट, चहाच्या पैशात नवीन मिळतो,' असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. नट स्वस्त, पण तो ज्याला धरतो ते स्वस्त नाही. गंजलेला बोल्ट पान्याला दाद देत नाही. मग अड्जस्टेबल पाना येतो, मग पक्कड, मग छिन्नी-हातोडा. कोपरे गोल होतात, आणि शेवटी बोल्टचे डोके तुटून धड इंजिनच्या अल्युमिनियमच्या पेटीत अडकून राहते. ते काढायला ड्रिल, नवे आटे पाडायला दुसरा कारागीर, आणि दोन दिवस गाडी गॅरेजमध्ये. आपल्यासाठी ती गैरसोय. पण पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल चालवणाऱ्या पायलटासाठी ते दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची कमाई. ज्याचे पोट दोन चाकांवर आहे त्याच्यासाठी गंज हा सौंदर्याचा प्रश्न उरत नाही.

आणि त्याच्यामागे बसणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न तर त्याहून मोठा. ब्रेकचे बोल्ट, ऍक्सलचे नट, हँडलचे क्लॅम्प, हे सगळे त्याच खाऱ्या हवेत असतात. वरून किंचित डाग पडलेला बोल्ट लगेच तुटत नाही. पण मुळाशी, आट्यांत, खोल खड्डे पडलेला बोल्ट किती भार पेलेल हे बाहेरून बघून कोणीही सांगू शकत नाही. अशा बोल्टला पॉलिश करून परत बसवणे म्हणजे आजाऱ्याला पावडर लावून कामावर पाठवण्यासारखे.

तेव्हा उपाय. पहिला आणि सर्वांत मोठा उपाय फुकट आहे: गोडे पाणी. किनाऱ्यावर फिरून आलात तर त्याच दिवशी, एरवी आठवड्यातून एकदा, साध्या पाण्याने गाडी धुवा, खालून आणि आतून सुद्धा. जोराच्या फवाऱ्याची गरज नाही. तो पाण्याला बेअरिंगमध्ये घुसवतो. पाणी मात्र खरेच गोडे आहे ना हे बघा. किनाऱ्याजवळच्या आणि खाजनाकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणे म्हणजे मीठ पुसायला मिठाचेच फडके घेणे. पाणी जिभेवर ठेवून बघा, लगेच कळेल. धुतल्यावर पुसा. ऍलन बोल्टच्या डोक्यातले पाणी फडक्याच्या टोकाने टिपून घ्या. मग पाच-दहा मिनिटे गाडी चालवून आणा, उरलेले पाणी वाऱ्याने आणि उष्णतेने जाईल.

दुसरा उपाय, गंज दिसू लागल्यावरचा. आधी ओळखा, तो कोणता आहे. बोट फिरवल्यावर पृष्ठभाग गुळगुळीत लागत असेल आणि फक्त तांबडे ठिपके असतील, तर मुलामा अजून शाबूत आहे. जेवण गुंडाळायची अल्युमिनियमची पातळ चांदी घ्या, तिचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. अल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि क्रोम राहते. बारीक पितळी ब्रशही चालतो. लोखंडी काथ्या मात्र टाळा. त्याचे कण खाचांत अडकतात आणि पुढच्या दवात स्वतःच गंजतात. पॉलिशपेपर तर नकोच. ज्या थराची जाडी केसाच्या शंभराव्या भागाहून कमी आहे, त्यावर पॉलिशपेपर चालवला की उरेल काय?

घासून झाले की बहुतेक जण थांबतात, आणि इथेच सगळे फुकट जाते. ठिपका निघाला, पण छिद्र तसेच आहे. ते बुजवायला हवे. धुऊन पूर्ण वाळवा आणि गाडीच्या बॉडीला लावतात ते मेणाचे पॉलिश नट-बोल्टांच्या डोक्यांवर पातळ लावा. टूथब्रशने खाचांत पोचवा, वाळल्यावर पुसून घ्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हे केले तरी फरक दिसतो. ऍलन बोल्टच्या खड्ड्यात ग्रीसचा छोटा गोळा भरून ठेवा. दिसायला वाईट, पण तिथे पाणी उभे राहणार नाही. सायलेन्सरजवळच्या तापणाऱ्या बोल्टांवर मेण टिकत नाही. त्यांच्या आट्यांना तापमान सोसणारे तांब्याचे किंवा निकेलचे ग्रीस लावून बसवा. आणि यातले काहीही टायरवर, ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रममध्ये जाऊ देऊ नका.

अडकलेला बोल्ट सोडवायचा असेल तर घाई हा गुन्हा समजावा. आत झिरपणारे तेल मारा, रात्रभर राहू द्या, सकाळी हातोडीने हलके ठोके द्या, पुन्हा तेल. पाना रिंगचा किंवा सॉकेट, नेमक्या मापाचा. इथे डब्ल्यूडी-४० विषयी दोन शब्द. तो निळा-पिवळा डबा आपल्याकडे सर्वरोगहर समजला जातो. १९५३ साली अमेरिकेत तो तयार झाला तो पाणी हटवण्यासाठी. नावातले डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', आणि ४० म्हणजे जमलेला चाळिसावा प्रयत्न. पाणी हटवण्याचे काम तो उत्तम करतो. पण मागे राहणारा थर पातळ असतो, आपल्या पावसात तो फार दिवस पुरत नाही. त्याच्यावर मेण किंवा ग्रीस हवेच.

आता आपल्या घरगुती उपायांकडे येतो, कारण इथे माझी लोकांशी सर्वांत जास्त वादावादी होते. खोबरेल तेल लावणारे पुष्कळ आहेत. काहीच न लावण्यापेक्षा ते बरे, पण एका सरीत धुपून जाते आणि उरलेले तांबडी धूळ धरून बसते. पावसाआधी गाडीच्या खालच्या अंगाला जळके ऑइल मारण्याची पद्धतही जुनी. त्या ऑइलमध्ये इंजिनात तयार झालेली आम्ले आणि काजळी असते, ते रबराला आणि ब्रेकला लागते, आणि पहिल्या पावसात अंगणातून विहिरीच्या दिशेने निघते. ज्या विहिरीचे पाणी पितो तिच्या काठी हे करू नये. केरोसीन धुण्यापुरते ठीक, पण ते उडून जाते आणि जाताना होते नव्हते ते तेल घेऊन जाते.

ऍसिडचे प्रकरण याहून गंभीर. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, बिंबलाने लख्ख होतात, म्हणून आंबट ते सगळ्या धातूंना चांगले अशी आपली एक समजूत आहे. त्यातून काही जण थेट संडास साफ करायची बाटली घेऊन येतात. त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ऍसिड असते, आणि क्रोमियम त्या ऍसिडात सरळ विरघळते! गंज जातो, त्याच्याबरोबर मुलामाही जातो, आणि त्याच्या वाफांनी शेजारचे चांगले लोखंडही तांबडे होते. आंबटच वापरायचे तर साधे व्हिनेगर, तेही काढून ठेवलेल्या किरकोळ स्क्रूंसाठी. रात्रभर बुडवा, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यात विसळा, वाळवा, तेल लावा. जस्ताच्या मुलाम्याचे बोल्ट व्हिनेगरमध्येही घालू नयेत, जस्त त्यात विरघळते.

जोराचे काम करणारे बोल्ट मात्र कुठल्याच ऍसिडात बुडवायचे नाहीत. बोल्टच्या डोक्यावर बारीक आकडे असतात: ८.८, १०.९, १२.९. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की पोलादाची ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते. १०.९ आणि १२.९ सारखे कडक पोलाद ऍसिडात बुडवले, किंवा नीट काळजी न घेता त्यावर पुन्हा मुलामा चढवला, तर त्यात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. बाहेरून चकचकीत, आतून बिस्किट. असा बोल्ट भार आल्यावर, कधी कधी काही तासांनी, कसलीही सूचना न देता तुटतो. ब्रेक, ऍक्सल, हँडल यांचे बोल्ट गंजून खड्डे पडले असतील तर त्याच ताकदीचे नवे घ्या. तिथे काटकसर नको.

'मग सगळे स्टेनलेसचे का नाही लावत?' हा प्रश्न हल्ली प्रत्येक हौशी बुलेटवाल्याच्या तोंडी असतो. नंबरप्लेट, मडगार्ड, साइड पॅनेल यांना जरूर लावा. पण बाजारातला नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ए२-७० या प्रतीचा, म्हणजे ताणशक्ती ७०० मेगापास्कल. १०.९ च्या जागी तो बसवणे म्हणजे बैलाच्या जागी वासरू जुंपणे. दुसरे, अल्युमिनियमच्या पेटीत स्टेनलेस बोल्ट कोरडा बसवला आणि खारे पाणी शिरले, तर इथे झिजण्याची पाळी अल्युमिनियमची. पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतो. म्हणून ग्रीस लावूनच बसवा, आणि ग्रीस लावल्यावर पाना जरा कमी आवळा, कारण आवळण्याचे आकडे सहसा कोरड्या आट्यांसाठी दिलेले असतात. तिसरे, समुद्राकाठी साध्या स्टेनलेसवरही चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग पडतात. मॉलिब्डेनम घातलेला ए४ प्रतीचा बोल्ट अधिक टिकतो, बोटींना तोच लावतात.

एका गोष्टीचा मला खरेच राग आहे, आणि ती म्हणजे चंदेरी रंग. गाडी विकायच्या आदल्या दिवशी, नाहीतर लग्नसराईत, गंजलेल्या नटांवर चंदेरी रंगाचा फवारा मारला जातो. रंगाखाली गंज आणि ओल दोन्ही बंद होतात आणि आपले काम निवांत चालू ठेवतात. घेणाऱ्याची फसवणूक ती वेगळीच. रंग द्यायचाच असेल तर गंज काढा, अस्तराचा हात द्या आणि मग रंगवा.

दोष फक्त वापरणाऱ्याच्या पदरात घालून मी मोकळा होणार नाही. मुलामा किती जाड असावा याची प्रमाणके आहेत आणि ती गाडी कुठल्या हवेत राहणार त्यानुसार बदलतात. घरात राहणाऱ्या वस्तूला कमी, बाहेरच्या कडक हवेत राहणाऱ्या वस्तूला जास्त. पण कोरड्या मुलखात आणि आपल्या किनाऱ्यावर बोल्ट तोच येतो. गिऱ्हाईक टाकीच्या चकाकीकडे बघून गाडी घेते, म्हणून पैसा टाकीवर खर्च होतो. आपण शोरूममध्ये मायलेज विचारतो, ऍलॉय व्हील विचारतो. 'नट-बोल्टांना मुलामा कसला आहे?' हा प्रश्न किनारपट्टीवरच्या गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली तर उत्तरेही यायला लागतील. आणखी एक. क्रोमच्या मुलाम्यासाठी परंपरेने वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, त्याचे सांडपाणी जिथे मुरते तिथली माती आणि पाणी बिघडते. म्हणजे आपण निष्काळजीपणे फेकलेल्या प्रत्येक चकचकीत बोल्टची किंमत कुठल्यातरी गावाने आपल्या पाण्यात मोजलेली असते. तो जास्त टिकवणे हे त्या गावाचेही थोडे देणे फेडणे आहे.

हे सगळे लक्षात ठेवायला वेगळी डायरी नको. आपले पंचांग पुरेसे आहे. मृगाआधी पुरुमेंत: गाडी नीट धुऊन वाळवायची, किरकोळ स्क्रू एकेक काढून आट्यांना ग्रीस लावून परत बसवायचे, डोक्यांना मेण लावायचे, आणि जे खड्डे पडून गेले आहेत ते मोजून मेच्या शेवटी नवे आणायचे. ब्रेक-ऍक्सलचे काम चांगल्या मेकॅनिककडून आणि मोजून आवळून घ्यायचे. चवथीआधी समया-निरांजने घासायला काढतो त्याच दिवशी अर्धा तास गाडीला द्यायचा, कारण पाऊस अर्ध्याहून अधिक झालेला असतो आणि पहिले ठिपके याच सुमारास येतात. मग दसरा. त्या दिवशी आपण गाडी धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. पूजा तशीच करावी. फक्त माळ बांधायला उघडी तार वापरू नये, ती क्रोम ओरखडते, आणि ओली फुले चार-चार दिवस हँडलवर कुजत ठेवू नयेत. पूजेआधी एकदा खाली वाकून प्रत्येक नटाकडे बघावे. शस्त्राची पूजा म्हणजे मुळात शस्त्राची पाहणीच तर होती.

समुद्र कुठे जाणार नाही आणि आपणही त्याला सोडून जाणार नाही. खारा वारा आपल्या माडांना मानवतो, आपल्या जिभेलाही मानवतो. लोखंडाला तो मानवत नाही, एवढे ओळखून वर्षातले तीन दिवस काढले तर गाडी आपल्याबरोबर म्हातारी होईल, आपल्याआधी नाही.